मिठागरात पाय बघू नयेत

नाही नाही, बंद कशाला करताय, राहू दे तो फोन तिथे टीपॉयवर. करा रेकॉर्ड. माझी हरकत नाही, उलट बरंच आहे— नंतर सर असं म्हणाले आणि सर तसं म्हणाले, हे नको. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस काहीही बरळतो असं लोकांना वाटतं. मी नाही बरळत. चालू आहे ना? बरं. आणि बसा, उभ्या राहून माझ्याकडे बघू नका. वॉचमनला मी दहा मिनिटं सांगितलीत. तुमची स्कूटी धर्मेशभाईंच्या जागेवर लावलीय तुम्ही, ते साडेअकराला येतात, मग इंटरकॉम वाजतो आणि बोलणी मी खातो. बेव्हर्ली पार्कात माणूस मेला तर चालेल, पार्किंगला हात लावायचा नाही. आणि ते ‘तू म्हणा, सर’ मघाशी दारात म्हणालात— नाही म्हणणार. शिवदासची मुलगी आहात हे दार उघडलं तेव्हाच कळलं, कपाळ तेच आहे, पण म्हणून लगेच अरेतुरे करायला मी तुमचा कोणी लागत नाही. अहोजाहोच बरं. अंतर राहतं.

हा फॉर्म मी वाचला. दोनदा वाचला. ‘मी, खाली सही करणारा, दिनांक १२ मे १९९८ रोजी खारीच्या मिठागरावर हजर होतो, आणि श्री. शिवदास यांनी हातात धरलेला पक्षी मी स्वतः पाहिला.’ मग टिंबं टिंबं, सही. वा. पक्ष्यांच्या नोंदी तपासणारी ती समिती म्हणते दुसरा साक्षीदार आणा— बरोबर आहे, त्या समितीवर मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. आता तिथे मिठागर नाही, राडारोडा टाकून भरलं, वर इमारती आल्या, पक्षी गेले. म्हणजे पुन्हा जाऊन बघायची सोय नाही. उरलं काय? तुमच्या वडिलांची दोनशेपानी वही आणि मी. आणि वहीवर विश्वास नाही, म्हणून मी. छान. सत्तावीस वर्षं कोणाला माझी गरज पडली नाही, आता टिंबांवर सही करण्याइतकी पडली.

वडिलांनी पाठवलं नाही म्हणता. ते मला पटतं. तो पाठवणार नाही. तो खारीत, मी इथे, रिक्षाने वीस मिनिटं, आणि सत्तावीस वर्षांत एकदा आला नाही. शाळेची व्हॅन चालवतो ना अजून? पिवळी, मागे जाळी लावलेली. मी पाहिलंय त्याला दोनदा गोल्डन नेस्टच्या सिग्नलला. समोर बघत होता. मी हात वर केला— म्हणजे पूर्ण नाही, चष्मा सारखा करायला केला होता— त्याने पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. नसेल पाहिलं. उन्हं होती समोरून. तुम्ही घरी सांगितलं नाहीये ना, इथे आलात ते? नका सांगू. सही झाली असती तर सांगितलं असतंत, आता काय सांगणार.

काय शिकलात तुम्ही? कॉमर्स. म्हणजे हा सुरय काय असतो, ते वहीत वाचून कळलं तुम्हाला. बघितलाय कधी? पांढरा, कबुतराहून बराच लहान, सुरीसारखे पंख, पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि दगड टाकावा तसा खाली येतो, चोचीत मासोळी. त्यातले दोन अगदी सख्ख्या भावांसारखे. एक लहान सुरय— आपल्याकडे सगळीकडे, नदीत, खाडीत, मिठागरात. दुसरा साँडर्सचा सुरय— समुद्रकाठचा, वर कच्छ-सौराष्ट्राकडे घरटी करणारा. हिवाळ्यात दोघं शेजारी उभे केले तर जगातला मोठ्यात मोठा माणूस सांगणार नाही कोण कुठला. वीण सुरू झाली की थोडा फरक पडतो. थोडा म्हणजे— हे बघा, माझ्या कपाळाकडे बघा. लहान सुरयाच्या कपाळाचं पांढरं असं डोळ्याच्या वरून मागे जातं, भुवई कोरल्यासारखं टोक येतं त्याला. साँडर्सचं डोळ्यापाशी थांबतं, चौकोनी ठिगळ लावल्यासारखं. पंखाची बाहेरची पिसं, लहानाची दोन-तीन काळपट, साँडर्सची तीन-चार काळीकुळकुळीत. बरोबर ना? थांबा, पुस्तक बघतो— नको, बरोबर आहे. शेपटीच्या वरचा भाग लहानाचा पांढरा, साँडर्सचा पाठीसारखाच राखी. आणि पाय. लहानाचे नारिंगी-पिवळे, साँडर्सचे मळकट तपकिरी. झालं. एवढ्यावर सगळा खेळ. तो पक्षी तुमच्यासमोर उभा राहत नाही, उडत असतो, मे महिन्यात, मिठावरून, जिथे डोळे उघडे ठेवले तर पाणी येतं. आणि तुमचे वडील, वय वर्षं चोवीस, बी.एस्सी. दुसरा वर्ग, मला सांगतात, ‘सर, हा साँडर्सचाच, पाय तपकिरी आहेत.’

अरे बाबा, मिठागरात उभा आहे तो. पाय तपकिरी नसतील तर काय असतील? वाफ्यातला तो काळा चिखल तुम्हाला माहीत असेल, नसेल माहीत, तुम्ही स्कूटीवाल्या— आजीला विचारा तुमच्या. इंदुबाई आहेत ना अजून? गेल्या. कधी? बरं.

बरं. मला कोणी कळवलं नाही. का कळवतील.

तो चिखल एकदा वाळला की कातडीसारखा बसतो. मी पहिल्या दिवशी मुलांना सांगायचो, सगळ्या बॅचना, वीस वर्षं: मिठागरात पाय बघू नयेत. मिठागरात पाय खोटं बोलतात. कपाळ बघा, पंख बघा, पाय शेवटी. तुमच्या वडिलांनी हे लिहिलंय बघा वहीच्या पहिल्या पानावर, चौकट करून. अक्षर चांगलं होतं त्याचं. आणि त्याच मुलाने पुढे चाळीस पानांनी पायांवरून जात ठरवावी? मला राग येणार नाही? तुम्ही म्हणता कपाळाचंही लिहिलंय, पंखाचंही लिहिलंय. असेल. लिहायला काय लागतं. एकदा मनात धरलं की कपाळही चौकोनी दिसतं.

मला माहीत आहे कसं दिसतं ते. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण सांगतो, म्हणजे उगाच मला कोणी दुष्ट ठरवू नये. शहाऐंशी साली मी एक पक्षी जाहीर केला. छोटा, चिखलात टोचे मारत हिंडणारा, पाय काळे— काळ्या पायांचा म्हणजे दुर्मीळ, इथे कधी न आलेला. पेपर वाचला मी, मोठ्या लोकांसमोर, माझी पीएच.डी. नुकतीच झालेली, नवा शर्ट. आठवड्याने कोणीतरी त्याच खाडीतून तोच पक्षी पकडून आणला, आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर बशीत पाणी घेऊन त्याचे पाय धुतले. पिवळे. साधा, रोजचा, खंडीभर येणारा. कोणी ओरडलं नाही माझ्यावर. हसले फक्त. एकजण म्हणाला, जयकुमार, पुढच्या वेळी साबण घेऊन जा. वीस वर्षं— वीस नाही, अजूनही कोणी म्हातारा भेटला की विचारतो, काय जयकुमार, साबण आणलाय का. गंमत म्हणून. तेव्हा मला चिखलाचं तुम्ही शिकवू नका आणि तुमच्या वडिलांनीही शिकवू नये. मी त्याला वाचवत होतो. हे लिहून घ्या हवं तर. चोवीस वर्षांच्या मुलाचं नाव त्या बशीत बुडू नये म्हणून मी त्याला थांबवलं. गुरू दुसरं काय करतो?

हं, ते पत्र. मला वाटलंच होतं तुम्ही पत्र काढाल. दाखवा. हो, माझंच. सही माझी. अर्जाबरोबर परत आलं असणार त्याला. त्या संशोधन संस्थेत फील्ड असिस्टंटची जागा होती, कच्छला, त्यांनी मला अभिप्राय विचारला. काय वाईट लिहिलंय? ‘उत्साही आहे. कष्टाळू आहे. मात्र निरीक्षणांची खातरजमा करून घ्यावी.’ खातरजमा हा शब्द शिवी आहे का? सगळ्यांच्याच निरीक्षणांची करावी, माझ्याही. त्यांनी घेतलं नाही, तो त्यांचा निर्णय. जागा एक होती, अर्ज साठ. तुम्ही असं बघताय जसं मी त्याला व्हॅनवर बसवला. मी एक वाक्य लिहिलं. एका वाक्याने माणसाचं आयुष्य जात असेल तर— नाही, तसं नाही म्हणायचं मला. तुम्ही शब्द पकडू नका. तो दुसरीकडे अर्ज करू शकत होता. त्याने दुर्बीण परत आणून दिली, कॉलेजची होती, रुमालात गुंडाळून, भिंगं पुसून. एक शब्द बोलला नाही. बोलला असता, भांडला असता, तर कदाचित— पण हे आगरी लोक, एरवी बांधावरून भांडतील, दहा पिढ्यांचं काढतील, आणि जिथे बोलायचं तिथे गप्प.

नाही, राग येऊ द्या तुम्हाला, येऊ द्या. पण सही मागायला आलाय हे लक्षात ठेवा.

आता मुद्द्याचं बोलतो आणि संपवतो. बारा मेला मी खारीला नव्हतोच. विद्यापीठाचे पेपर तपासायला बसलो होतो, मे महिना, सगळे प्राध्यापक तेच करत होते. तुमच्या वहीत लिहिलंय ‘सर होते’. लिहिलंय, पण मी नव्हतो. एखाद्याला वाटतं माणूस होता, आदराने वाटतं, वाचलंय मी, स्मृतीचे असे खेळ होतात, त्याचे नाही होणार? पक्षी त्याने पकडला असेल, मी नाही कुठे म्हणतो— बांधावर कोणीतरी कोळ्याचं तुटकं जाळं टाकलं होतं, त्यात अडकला असेल, सोडवला असेल. तुमच्या आजीने पाय धुतले असतील. पण मी काही ते बघितलं नाही. आणि जे बघितलं नाही, त्याच्यावर सही मी आयुष्यात केली नाही. वाचा, तुम्हीच वाचा काय लिहिलंय, मोठ्याने वाचा, म्हणजे तुमच्या त्या फोनलाही ऐकू जाईल किती कच्ची नोंद आहे ती. ‘आईने पेल्यातल्या पाण्यात पक्ष्याचे पाय धुतले.’ बघा. पेल्यात. पेल्यात कसे धुणार? जिवंत पक्षी, पंख मारतोय, एक हात पंखावर, एक मानेपाशी, पेल्याच्या तोंडात पाय जाणार तरी कसे? हे लिहिणारा मुलगा म्हणे निरीक्षक. पेला नव्हताच. तांब्या होता, पितळी, तोंडाला पोचा आलेला, तुझ्या आजीने झोपडीतून आणला आणि वरून धार धरली, आणि पहिल्या धारेला—

...

काय लिहिताय? फोन चालू असताना लिहिता कशाला?

लिहा.

तांब्या होता. पाणी पुन्हा भरून आणलं त्यांनी. तुम्हाला त्या पाण्याचं नाही कळणार, नळ आहेत तुमच्याकडे. मिठागरात गोडं पाणी नसतं. खारीच्या विहिरीवरून डोक्यावरून हंडा यायचा सकाळी, तेवढ्यात दिवसभर दहा माणसं. मला तहान लागली तरी मी मागायचो नाही, बाटली न्यायचो. त्यांनी त्यातलं ओतलं पाखराच्या पायांवर. पहिला तांब्या काळा गेला. मी म्हटलं, बघ, चिखल. शिवदास नखाने हळू खरवडत होता, पिसाला लागू न देता. इंदुबाई म्हणाल्या, ‘सर, चिखल हाय तं जाईल, कातडं हाय तं न्हाय जायाचं. थांबा.’ आणि दुसरा तांब्या. तो स्वच्छ गेला. जमिनीवर पडलेलं पाणी स्वच्छ होतं, मला दिसत होतं, वाळत होतं लगेच, पण स्वच्छ. आणि पाय तपकिरी. बोटाच्या बेचक्यापर्यंत. आणि कपाळ... कपाळ त्याने माझ्याकडे वळवलं, दोन बोटांत मान धरून, तसं मीच शिकवलं होतं धरायला. डोळ्यापाशी थांबत होतं पांढरं. चौकोनी. पंख उघडला, चार पिसं. मोजली मी. तोंडातल्या तोंडात.

मग काय, तुम्हीच सांगा. कोणी हसलं नसतं? खारीच्या मिठागरात, घरटी करताना, साँडर्सचा— आणि सांगणारा कोण, तर साबणवाला. मला वाटलं पाणी खारट असेल, विहीर खाडीला लागून आहे, खाऱ्या पाण्याने रंग नीट निघत नाही. मला वाटलं ऊन आहे, पावणेबाराचं, या उन्हात मला तपकिरी दिसतंय ते नारिंगी असेल. मला वाटलं हा पक्षी आजारी असेल. किती वाटलं मला. एका मिनिटात माणसाला इतकं वाटू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि मी म्हटलं, ‘उन्हात रंग कळत नाही. लहान सुरय लिही आणि सोड त्याला.’ वहीत जे खोडलंय ना, रेघ मारून, ते त्याने तिथेच खोडलं, माझ्यासमोर. मला वाटायचं चिडून गिरवलं असेल. नाही, बघा, एकच रेघ आहे, खालचं वाचता येईल अशी. नोंद चुकली तर अशीच खोडायची, मीच शिकवलं होतं.

आणि तुम्ही विचारलं नाहीत ते सांगतो, विचारलं असतंत तर नसतं सांगितलं. फोटो का नाही, असं समितीने विचारलंय ना फॉर्ममध्ये? शिवदासने उत्तर दिलंय, ‘कॅमेरा उपलब्ध नव्हता.’ काल-परवा लिहिलंय ना त्याने हे? म्हणजे तुम्ही विचारलंत आणि त्याने सांगितलं. उपलब्ध नव्हता. माझ्या गळ्यात होता. छत्तीसची फिल्म, एकवीस झाले होते. पंधरा फोटो शिल्लक होते, आणि पक्षी हातभर अंतरावर, दुसऱ्याच्या हातात, वळवावा तसा वळत होता. मी कव्हरचं बटणसुद्धा काढलं नाही. कारण फोटो आला असता. कळतंय का? आजचं मत उद्या बदलता येतं, उन्हावर ढकलता येतं. फोटो बशीसारखा असतो. त्यात तो बरोबर निघाला असता किंवा चूक, आणि मला दोन्हीची भीती वाटली, आणि खरं सांगू— तो बरोबर निघण्याची जास्त. चोवीस वर्षांचा, दुसरा वर्ग. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मागितला नाही. मग बसला उकिडवा आणि मूठ उघडली. पक्षी लगेच उडाला नाही, मिठाच्या बांधावर थोडा वेळ ओल्या पायांनी उभा राहिला. इंदुबाई मला म्हणाल्या, पानी पिता काय सर, उरलंय थोडं.

प्यायलो मी.

आणि तो आता लिहितो, उपलब्ध नव्हता. माझी अब्रू झाकतोय, व्हॅन चालवणारा माणूस. कोणी सांगितलं होतं त्याला? मी मागितलं होतं? मला त्याचे उपकार नकोत. तुमचेही नकोत. असं डोळ्यांत पाणी आणून बसायचं असेल तर माझ्या घरात नको, मला सहन होत नाही, माझी साखर वाढते—

थांबा, इंटरकॉम. हाँ बोलो. हाँ. मालूम है, धर्मेशभाई आ गए. बोला ना, निकल रही हैं. अरे दो मिनट रुकने को बोलो उनको, दुनिया नहीं डूब रही.

झालं. ऐकलंत. उठा.

सही नाही करणार मी. नाही म्हणजे नाही, तो पेन आत ठेवा. माझी सही आता माझ्या बँकेलाही पटत नाही, समितीला काय पटणार. म्हणतील म्हाताऱ्याला धरून लिहून घेतलं. आणि ‘कॅमेरा उपलब्ध नव्हता’ ही ओळ तिथे असलेल्या कागदावर तर मुळीच नाही करणार. खोटी ओळ आहे ती. ती आधी खोडा. एकच रेघ मारा, खालचं वाचता येईल अशी.

वही घ्या. पत्रही घ्या, माझ्याकडे कशाला ठेवताय. पिशवी घ्या. आणि तो फोन— नाही. इथे बंद करू नका. माझ्यासमोर नको. उचला तसाच आणि जा, लिफ्टमध्ये जा, खाली जा, धर्मेशभाईंची जागा मोकळी करा, मग पाहिजे तेव्हा बंद करा. तुमचा फोन आहे, मी कोण सांगणार.

जाताना दार ओढून घे. लॅच आहे, आपोआप लागतं.